पायथनमधून लिबसोडियम: बॅकअप कूटबद्ध करण्याची रीत

एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि अनामत रकमांचा हिशेब असलेली नोंद दररोज रात्री भाड्याच्या सर्व्हरवरून दुसऱ्या ठिकाणी साठवून ठेवण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती परक्या यंत्रावर उघडी पडून राहू नये, म्हणून ती कूटबद्ध केल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवले. स्क्रिप्ट पायथनमध्ये होती. पायथनसोबत येणाऱ्या मूळ संचात हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) काढण्याची आणि यादृच्छिक बाइट मिळवण्याची सोय आहे, परंतु मजकूर कूटबद्ध करण्याची सोय नाही. त्यामुळे सी भाषेत लिहिलेली आणि अनेकांनी तपासलेली एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) पायथनमधून वापरणे, म्हणजे तिच्या बाइंडिंगचा आधार घेणे, हाच शहाणपणाचा मार्ग होता.

बाइंडिंग हा एक पातळ थर असतो. आपली स्क्रिप्ट एका बाजूला, सी लायब्ररी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हा उंबरठा. पलीकडचे गणित ज्यांनी लिहिले आहे त्यांनी ते फार काळजीपूर्वक लिहिले आहे, आणि आपल्याला त्यात हात घालण्याचे कारण पडत नाही. माझ्या अनुभवात ज्या चुका झाल्या, आणि इतरांच्या कोडमध्ये ज्या पाहिल्या, त्या जवळजवळ सगळ्या उंबरठ्याच्या अलीकडच्या होत्या: काय पलीकडे दिले, किल्ली कोठून आणली, आणि पलीकडून नकार आला तेव्हा काय केले. पुढील विवेचन त्यामुळे अलीकडच्या बाजूचेच आहे.

लायब्ररीची निवड

पायथनमध्ये या कामासाठी शोध घेतला की अजूनही जुन्या लेखांमधून ‘पायक्रिप्टो’ हे नाव समोर येते. ते वापरू नये. त्याची शेवटची आवृत्ती 2013 मध्ये निघाली, त्यानंतर त्यातील स्मृतिमर्यादा ओलांडण्याचा गंभीर दोष उघड झाला, आणि दुरुस्तीची नवी आवृत्ती कधीच आली नाही. शिवाय त्यात एईएस हे प्रचलित कूटलेखन वापरताना ते चालवण्याची पद्धत सांगितली नाही तर ती आपोआप ईसीबी धरली जाई. ईसीबीमध्ये सारख्या मजकुराचे सारखेच कूट तयार होते, त्यामुळे सभासद-यादीसारख्या साचेबद्ध फाइलमधील पुनरावृत्ती बाहेरून ओळखू येते. उपयोग करणाऱ्याने काहीच निवडले नाही तर सर्वांत दुबळी निवड त्याच्या पदरी पडावी, ही रचनाच मला चुकीची वाटते.

आज दोन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. ‘क्रिप्टोग्राफी’ नावाचे पॅकेज ओपनएसएसएल या दुसऱ्या सी लायब्ररीवर आधारलेले आहे आणि प्रमाणपत्रे, टीएलएस (संकेतस्थळांशी सुरक्षित संपर्क) किंवा जुन्या प्रणालींशी जुळवून घेण्याचे काम असेल तर तेच घ्यावे. दुसरे ‘पाय-एनएसीएल’, जे लिबसोडियम या लायब्ररीचे बाइंडिंग आहे. एनएसीएल हे मिठाचे रासायनिक सूत्र, आणि त्या मूळ लायब्ररीच्या नावाचा उच्चारही ‘सॉल्ट’ असाच करतात. डॅनियल बर्नस्टाइन, तान्या लांगे आणि पीटर श्वाबे यांच्या त्या लायब्ररीवरून फ्रँक डेनिस यांनी 2013 मध्ये लिबसोडियम तयार केली. तिचा विशेष असा की ती उपयोग करणाऱ्याला पद्धती, भरण (मजकूर ठरावीक लांबीचा करण्यासाठीची भर) आणि गटाची लांबी यांतून निवड करायला लावत नाही. आपण ‘हे या व्यक्तीसाठी बंद कर’ एवढेच सांगतो, आणि कूटबद्ध करणे व छेडछाड ओळखणे ही दोन्ही कामे एकत्रच होतात. वाचनालयाच्या कामासाठी मी हीच निवडली आणि पुढील सर्व तपशील तिचाच आहे. वर्गांची आणि फंक्शनांची नावे मी येथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत येतील.

बसवताना

स्वतंत्र व्हर्च्युअल वातावरण तयार करून पिप या पायथनच्या पॅकेज बसवण्याच्या साधनाने ‘पायएनएसीएल’ बसवावे. पॅकेजचे नाव असे असले तरी आयात करताना केवळ ‘एनएसीएल’ एवढेच नाव वापरायचे असते. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा येथेच येते, आणि दुसरी अडचण आपल्या स्क्रिप्टच्याच फाइलला ते नाव दिल्यामुळे येते, कारण मग पायथन लायब्ररीऐवजी आपलीच फाइल आयात करू पाहतो. लायब्ररीची प्रारंभिक सिद्धता करणारे सोडियम-इनिट हे फंक्शन आयात होतानाच बोलावले जाते, ते आपण वेगळे बोलवण्याची गरज नसते.

बसवण्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. पिपमधून मिळणाऱ्या तयार व्हीलमध्ये (आधीच बांधून ठेवलेल्या पॅकेजमध्ये) लिबसोडियमची स्वतःची प्रत बांधून दिलेली असते. सर्व्हरच्या कार्यप्रणालीने सुरक्षेचे अद्यतन घेतले आणि त्यात लिबसोडियम दुरुस्त झाली, तरी आपल्या व्हर्च्युअल वातावरणातील ती बांधलेली प्रत जुनीच राहते. प्रणालीतील लायब्ररीच वापरायची असेल तर ‘सोडियम_इन्स्टॉल’ या पर्यावरण-चलाला ‘सिस्टिम’ हे मूल्य देऊन पॅकेज स्रोतापासून बांधावे लागते, ज्यासाठी सी कंपायलर आणि लिबसोडियमच्या हेडर फाइली लागतात. मी स्वतः तयार व्हीलच वापरतो, आवृत्ती आणि तिचा हॅश आवश्यकता-फाइलमध्ये नोंदवून ठेवतो, आणि महिन्यातून एकदा नवी आवृत्ती आली आहे का ते पाहतो. कोणताही मार्ग चालेल, पण अद्यतनाची जबाबदारी कोणावर आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

उंबरठ्यापलीकडे फक्त बाइट जातात

सी लायब्ररीला अक्षर हा प्रकार ठाऊक नाही. तिला बाइटांची रांग आणि तिची लांबी एवढेच कळते. पायथनची स्ट्रिंग मात्र युनिकोड संकेतांची बनलेली असते, म्हणून ती थेट दिली तर प्रकार चुकल्याची तक्रार येते. ‘पुस्तक’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पायथन त्याची लांबी 6 सांगतो, आणि यूटीएफ-8 मध्ये त्याचे 18 बाइट होतात, कारण देवनागरीतील प्रत्येक संकेत 3 बाइट घेतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने हे तीन आकडे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. उंबरठ्यावर येण्याआधी मजकूर यूटीएफ-8 मध्ये बदलावा, पलीकडून परत आल्यावर पुन्हा स्ट्रिंग करावी, आणि हे दोन्ही बदल कोडमध्ये प्रत्येकी एकाच ठिकाणी असावेत.

यातील सर्वांत फसवी चूक अशी की तक्रार आली म्हणून लोक बाइटांना ‘एसटीआर’मध्ये गुंडाळतात. तसे केले की बाइट अक्षरांत बदलत नाहीत, तर सुरुवातीचे ‘बी’, अवतरणचिन्हे आणि तिरक्या रेषांसहित त्यांचे छापील रूप मिळते, आणि तेच फाइलमध्ये लिहिले जाते. कोणताही दोष दिसत नाही. फाइल उघडण्याची वेळ येते तेव्हाच काय झाले ते कळते, आणि बॅकअपच्या बाबतीत ती वेळ बहुधा संकटाचीच असते.

किल्ली

वाचनालयाच्या कामासाठी मी लिबसोडियममधील सील्डबॉक्स, म्हणजे सार्वजनिक किल्लीने बंद होणारी आणि फक्त खासगी किल्लीने उघडणारी पेटी, निवडला. त्यामागचा विचार असा की सर्व्हरवर रोज रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टला फाइल बंद करता आली पाहिजे, पण उघडता येण्याचे तिला कारणच नाही. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची आणि खासगी किल्ली सर्व्हरवर कधीच न्यायची नाही, अशी ही व्यवस्था आहे. कोणी सर्व्हरमध्ये शिरला तर त्या क्षणी तेथे असलेली माहिती त्याच्या हाती पडेल, हे खरे. पण आधीच्या महिन्यांच्या बॅकअप फाइली त्याला उघडता येणार नाहीत.

किल्ली आपल्या घरच्या संगणकावर तयार करावी. एनएसीएलच्या ‘पब्लिक’ विभागातील प्रायव्हेटकी या वर्गाची ‘जनरेट’ ही पद्धत वापरली की 32 बाइटांची खासगी किल्ली मिळते, आणि तिच्यातूनच सार्वजनिक किल्ली निघते. येथे पायथनचा नेहमीचा ‘रँडम’ विभाग कधीही वापरू नये. तो मर्सेन ट्विस्टरवर चालतो आणि त्याची 32 बिटांची 624 मूल्ये पाहिली की पुढची सर्व मूल्ये सांगता येतात. यादृच्छिकतेतील दोष किती महाग पडतो याचे उदाहरण डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या इतिहासात आहे. 2006 मध्ये ओपनएसएसएलच्या डेबियन पॅकेजमधील काही ओळी वगळल्या गेल्या, परिणामी किल्ली तयार करताना जवळजवळ केवळ प्रक्रियेचा क्रमांकच वेगळेपणा आणू लागला, आणि प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी सुमारे 32,767 एवढ्याच शक्यता उरल्या. हे लक्षात यायला 2008 उजाडावे लागले. दोन वर्षे सगळे कार्यक्रम व्यवस्थित चालत होते, कारण दुबळी किल्लीसुद्धा बंद करते आणि उघडते. स्वतः यादृच्छिक बाइट हवे असतील तर एनएसीएलच्या ‘युटिल्स’ विभागातील ‘रँडम’ किंवा पायथनचा ‘सीक्रेट्स’ विभाग यांशिवाय तिसरीकडे जाऊ नये.

तयार झालेली किल्ली कशी लिहून ठेवायची, यावर मी थोडे थांबतो, कारण येथे मी स्वतः एकदा अडकलो होतो. कच्चे 32 बाइट तसेच फाइलमध्ये लिहिले आणि कोणी ती फाइल संपादकात उघडून पुन्हा जतन केली, तर शेवटी नव्या ओळीचा एक बाइट चिकटू शकतो. लांबी 33 होते आणि लायब्ररी किल्ली नाकारते. त्यावर उपाय म्हणून मी वाचताना ‘स्ट्रिप’ लावले, आणि तो उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट निघाला. बाइटांवर ‘स्ट्रिप’ लावले की दोन्ही टोकांकडील रिकाम्या जागा, टॅब, नव्या ओळी यांसारखे सहा प्रकारचे बाइट काढून टाकले जातात, आणि यादृच्छिक किल्लीच्या टोकाला यांपैकी एखादा बाइट खरोखरच किल्लीचा भाग म्हणून असू शकतो. हिशेब केला तर साधारण 22 किल्ल्यांमागे एका किल्लीचे असे होते. चाचणीसाठी केलेल्या पहिल्या चार-पाच किल्ल्या नीट चालतात आणि पुढची कधीतरी चालत नाही. म्हणून किल्ली नेहमी बेस-64 मध्ये, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत मांडण्याच्या रीतीने, लिहावी. 32 बाइटांची 44 अक्षरे होतात, ती कागदावर छापता येतात, आणि पुढे-मागे रिकामी जागा आली तरी ती निर्धोकपणे काढून टाकता येते. पाय-एनएसीएलमध्ये यासाठी ‘एन्कोडिंग’ विभागात बेस64एन्कोडर तयारच आहे.

खासगी किल्लीची छापील प्रत मी दोन वेगवेगळ्या घरांत, बंद पाकिटात ठेवली आहे. किल्ली स्क्रिप्टमध्ये लिहू नये आणि गिटच्या इतिहासात जाऊ देऊ नये. आदेशाच्या ओळीवर ती आर्ग्युमेंट म्हणूनही देऊ नये, कारण चालू प्रक्रियांच्या यादीत ती त्याच यंत्रावरील इतरांना दिसू शकते. पायथनमधील बाइट बदलता येत नाहीत, त्यामुळे वापर झाल्यावर किल्ली स्मृतीतून खात्रीने पुसून टाकणे येथे शक्य होत नाही. खासगी किल्ली सर्व्हरवर नसावीच, या आग्रहाचे हेही एक कारण आहे.

बंद करणे

लहान फाइलसाठी काम एका ओळीचे आहे. सार्वजनिक किल्ली देऊन सील्डबॉक्स तयार करावा आणि त्याच्या ‘एन्क्रिप्ट’ पद्धतीला बाइट द्यावेत. मिळालेले कूट मूळ मजकुरापेक्षा 48 बाइटांनी मोठे असते: 32 बाइट त्या वेळेपुरत्या तयार केलेल्या सार्वजनिक किल्लीचे आणि 16 बाइट पडताळणीच्या खुणेचे.

परंतु सील्डबॉक्सला संपूर्ण मजकूर एकदम स्मृतीत लागतो, आणि वाचनालयाने जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे जोडायला सुरुवात केल्यावर फाइल काही गिगाबाइटांची झाली. एवढ्या फाइलचे स्वतःच तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगवेगळा बंद करण्याचा मोह होतो. तसे केल्यास तुकड्यांचा क्रम बदलला, मधला एखादा गाळला किंवा शेवट कापला, तरी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे निर्दोषच ठरतो. या कामासाठी लिबसोडियममध्ये सीक्रेटस्ट्रीम आहे, जे तुकडे एकमेकांना क्रमाने बांधून ठेवते. पाय-एनएसीएलमध्ये त्याला सोपे आवरण नाही, ‘बाइंडिंग्ज’ विभागातील लांबलचक नावांची फंक्शने थेट वापरावी लागतात. तरी ती वापरावीत.

माझी रचना अशी आहे. प्रत्येक रात्री नवी 32 बाइटांची प्रवाह-किल्ली तयार होते. ती किल्ली सील्डबॉक्समध्ये बंद केली की तिचे 80 बाइट होतात. बॅकअप फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती सांगणारा 1 बाइट, त्यानंतर हे 80 बाइट, त्यानंतर प्रवाहाचे 24 बाइटांचे शीर्ष, म्हणजे एकूण 105 बाइट झाल्यावर मजकूर सुरू होतो. मजकूर आधी संकुचित करून घ्यावा, कारण कूटबद्ध झालेला मजकूर नंतर आकुंचन पावत नाही. तो 65,536 बाइटांच्या तुकड्यांनी वाचावा; प्रत्येक तुकडा बंद झाल्यावर 17 बाइटांनी वाढतो, म्हणून लिहिलेला तुकडा 65,553 बाइटांचा होतो. आवृत्तीचा बाइट पहिल्या तुकड्यासोबत ‘अतिरिक्त माहिती’ म्हणून दिला की त्यातही कोणाला गुपचूप बदल करता येत नाही.

शेवटच्या तुकड्यावर ‘फायनल’ ही खूण लावणे अत्यावश्यक आहे, आणि नेमके येथेच कोड अवघड होते, कारण चालू तुकडा शेवटचा आहे की नाही हे पुढचा वाचून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नेहमी एक तुकडा हातात राखून पुढचा वाचावा. पुढचा रिकामा आला तर हातातला ‘फायनल’ म्हणून बंद करावा. फाइलची लांबी 65,536 च्या पटीत असली तरीही ही पद्धत बरोबर चालते.

नॉन्सविषयी, म्हणजे प्रत्येक संदेशासाठी एकदाच वापरायच्या मूल्याविषयी, मी आतापर्यंत काही लिहिले नाही, कारण वरील दोन्ही साधने तो स्वतः सांभाळतात. एकाच गुप्त किल्लीने काम करणारा सीक्रेटबॉक्स वापरला तर त्याला 24 बाइटांचा नॉन्स लागतो. तो न दिल्यास पाय-एनएसीएल स्वतः यादृच्छिक नॉन्स घेऊन कुटाच्या आधी जोडते. ती सोय तशीच राहू द्यावी आणि नॉन्स आपल्या हाताने देऊ नये. एकाच किल्लीखाली तोच नॉन्स दोनदा वापरला गेला तर दोन्ही कुटांच्या एक्सॉरमधून (बिटाबिटाच्या तुलनेतून) दोन्ही मूळ मजकुरांचा एक्सॉर उघडा पडतो आणि खोटा संदेश बनवण्याचा मार्गही मोकळा होतो.

मराठी परवलीचा शब्दसमूह

खासगी किल्लीची एक प्रत मला संगणकावरही ठेवायची होती, आणि ती शब्दसमूहाने बंद करायची होती. लोकांना लक्षात राहील असा शब्दसमूह कोणत्याही यंत्राला थेट किल्ली म्हणून देता येत नाही. आधी आरगॉन-2 सारख्या मुद्दाम संथ आणि स्मृतीखाऊ फंक्शनातून त्याची 32 बाइटांची किल्ली तयार करावी लागते. आरगॉन-2 ही 2015 मध्ये पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत निवडली गेलेली पद्धत आहे. पाय-एनएसीएलच्या ‘पीडब्ल्यूहॅश’ विभागात आरगॉन-2-आयडीचे ‘केडीएफ’ हे फंक्शन आहे. त्याला लांबी, शब्दसमूहाचे बाइट, 16 बाइटांचा यादृच्छिक सॉल्ट (सारख्या शब्दसमूहांपासूनही वेगळी किल्ली निघावी म्हणून मिसळायचे बाइट) आणि कष्टाच्या दोन मर्यादा द्यायच्या असतात. ‘इंटरॲक्टिव्ह’ मर्यादा 64 मेबिबाइट स्मृती घेते, ‘मॉडरेट’ 256 आणि ‘सेन्सिटिव्ह’ 1 गिबिबाइट. वर्षातून एकदोनदा उघडायच्या किल्लीसाठी मी ‘मॉडरेट’ घेतो. सॉल्ट गुप्त नसतो, तो फाइलमध्येच लिहावा, आणि त्यासोबत दोन्ही मर्यादांचे प्रत्यक्ष आकडे लिहावेत. केवळ नावावर विसंबले आणि उद्या त्या नावामागचा आकडा बदलला तर किल्ली पुन्हा तयार होणार नाही.

मराठीत शब्दसमूह ठेवणाऱ्यांसाठी येथे एक धोका आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र, जो रफारासारखा दिसत नाही, तीन प्रकारे टंकता येतो. बहुतेक कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात; त्या रूपात या शब्दाचे 7 संकेत आणि 21 बाइट होतात. काही ठिकाणी साधा र, नुक्ता आणि हलन्त येतो, तर काही ठिकाणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक येतो. या दोन्ही रूपांत 8 संकेत आणि 24 बाइट होतात. पडद्यावर तिन्ही शब्द सारखेच दिसतात. आरगॉन-2 ला मात्र ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतून तीन अगदी भिन्न किल्ल्या निघतात. घरच्या संगणकावर ठेवलेला शब्दसमूह भ्रमणध्वनीवर चालेना, तेव्हा हे कारण सापडायला मला पूर्ण एक संध्याकाळ लागली, कारण टंकलेले शब्द मी पुन्हा पुन्हा डोळ्यांनीच पडताळत होतो.

पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ विभागातील ‘नॉर्मलाइझ’ला एनएफसी हे (युनिकोडचे एकसंध केलेले प्रमाण) रूप सांगितले की र आणि नुक्ता मिळून ‘ऱ’ होतो, त्यामुळे पहिली दोन रूपे एक होतात. जोडकाचे रूप मात्र तसेच राहते, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते समतुल्य नाही. नुसता जोडक काढून टाकणेही बरोबर नाही; तसे केल्यास र्य शिल्लक राहतो आणि तो वेगळाच जोडाक्षर आहे. म्हणून मी र, हलन्त आणि जोडक या तीन संकेतांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालतो, मग एनएफसी करतो, पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा काढतो, आणि त्यानंतरच यूटीएफ-8 बाइट घेतो. हे पायरीवार नियम किल्लीच्या फाइलमध्ये साध्या मराठीत लिहून ठेवले आहेत, कारण दहा वर्षांनी ही स्क्रिप्ट हाताशी नसेल तेव्हाही दुसऱ्या कोणाला ते पाळता आले पाहिजेत. एवढे नको असेल तर ऱ्य आणि ऱ्ह नसलेले शब्द निवडावेत. जाता जाता, बीक्रिप्ट ही पासवर्ड-हॅशची दुसरी पद्धत वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की त्याची मर्यादा 72 बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीत केवळ 24 संकेत; आरगॉन-2 मध्ये ही अडचण नाही.

उघडणे आणि नकार

उघडताना पडताळणी फसली तर पाय-एनएसीएल क्रिप्टोएरर हा अपवाद उभा करते आणि मजकुराचा एक बाइटही देत नाही. हा नकार गिळून टाकणे ही मोठी चूक आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की या लायब्ररीने स्वतःचे टाइपएरर आणि व्हॅल्यूएरर हे अपवादसुद्धा क्रिप्टोएररचेच उपप्रकार म्हणून ठरवले आहेत. म्हणजे क्रिप्टोएरर पकडून ‘शब्दसमूह चुकला’ असा संदेश दाखवणारा कोड, किल्ली 33 बाइटांची झाली किंवा बाइटांऐवजी स्ट्रिंग दिली गेली, तरीही तोच संदेश दाखवतो, आणि माणूस बिचारा बरोबर असलेला शब्दसमूह पुन्हा पुन्हा टंकत राहतो. म्हणून किल्लीची लांबी आणि प्रकार आपण आधीच तपासावेत, टाइपएरर आणि व्हॅल्यूएरर क्रिप्टोएररच्या आधी वेगळे पकडावेत, आणि मूळ अपवाद स्क्रिप्टच्या लॉगमध्ये जसाच्या तसा लिहावा.

प्रवाह उघडताना मजकूर तुकड्यातुकड्याने हाती येतो, त्यामुळे फाइल मध्येच कापलेली असल्याचे शेवटी कळते. तोपर्यंतचा मजकूर तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहावा आणि ‘फायनल’ची खूण दिसली व तिच्यापुढे एकही बाइट शिल्लक नाही, याची खात्री झाल्यावरच तिला खरे नाव द्यावे.

सील्डबॉक्स फाइल कोणी पाठवली हे सांगत नाही. सार्वजनिक किल्ली ज्याच्याकडे आहे तो कोणीही आपल्या नावाने खोटा बॅकअप बनवून साठवणीच्या जागी ठेवू शकतो. त्यासाठी सर्व्हरवर सायनिंगकी (सही करण्याची किल्ली) तयार करून फाइलच्या हॅशवर आणि तारखेवर एडी-25519 या पद्धतीची 64 बाइटांची सही घ्यावी, आणि उघडण्याआधी ती तपासावी. तारीख सहीच्या आत असली म्हणजे जुनाच बॅकअप आजचा म्हणून पुढे केला गेल्यास तो ओळखता येतो.

चाचणी

बंद करून उघडले आणि मूळ मजकूर परत आला, एवढ्यावर चाचणी संपवू नये. दोषपूर्ण कोडसुद्धा एवढे करतो. एक लहान बॅकअप घेऊन त्यातील प्रत्येक बाइट एकेक करून बदलावा आणि दर वेळी नकार येतो का ते पाहावे. शेवटचा तुकडा कापून, दोन तुकड्यांची अदलाबदल करून, आणि भलतीच किल्ली देऊन हेच करावे. रिकामी फाइल, एका बाइटाची फाइल आणि बरोबर 65,536 बाइटांची फाइल यांच्या चाचण्या वेगळ्या लिहाव्यात, कारण तुकडे मोजण्यातील चुका याच तीन ठिकाणी दडलेल्या असतात.

दुसऱ्या भाषेतून उघडून पाहणे ही माझ्या मते सर्वांत मोलाची चाचणी आहे. पीएचपीमध्ये 7.2 या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, सोडियम सोबतच येते, आणि सील्डबॉक्स व सीक्रेटस्ट्रीम यांचे कूट दोन्हीकडे सारखेच असते. सीक्रेटबॉक्सच्या बाबतीत मात्र पायथनने आधी जोडलेले नॉन्सचे 24 बाइट पीएचपीत आपल्याला कापून वेगळे द्यावे लागतात. पायथनने लिहिलेली फाइल पीएचपीच्या तीस-चाळीस ओळींनी उघडली, म्हणजे आपल्या फाइलची रचना आपल्या स्क्रिप्टवर अवलंबून नाही हे सिद्ध होते.

वाचनालयासाठी मी दर तीन महिन्यांनी एक बॅकअप उतरवून घेतो, ज्या संगणकावर ही स्क्रिप्ट कधी चालली नाही अशा संगणकावर पाकिटातील कागदावरून 44 अक्षरे हाताने टंकतो, आणि सभासदांची संख्या सर्व्हरवरील संख्येशी जुळते का ते पाहतो. मागच्या वेळी त्या कागदावरील मोठा आय आणि लहान एल यांत माझा घोळ झाला, म्हणून नवी प्रत प्रत्येक चार अक्षरांनंतर जागा सोडून, ही दोन अक्षरे वेगळी दिसतील अशा टंकात छापून घेतली आणि दोन्ही पाकिटांतील जुने कागद बदलले.